पत्ता अपुरा

‘मास्तर, काहीतरी चांगलं वाचायला सांगा की!’

हे वाक्य कानावर पडलं, की माझ्या पोटात गोळा उठतो. कुणी उसने पैसे मागितले तर महिनाअखेर पुढे करता येते. कुणी मुलीसाठी स्थळ सुचवा म्हटलं तर ‘लक्षात ठेवतो’ म्हणून वर्ष-दोन वर्षं सहज काढता येतात. तेवढ्यात मुलीनं आपलं आपण शोधलेलं असतं. पण पुस्तक सुचवा म्हटलं, की आपल्या अंगात वारं शिरतं. समोरच्याला काय रुचतं, काय दुखतं, रात्री झोप लागते की नाही, यातलं काही न विचारता आपण कपाट उघडतो आणि आपल्याला जे आवडलं ते त्याच्या हातात कोंबतो. डॉक्टरनं स्वतःच्या खोकल्याचं औषध समोरच्या पेशंटला पाजावं, तसला हा प्रकार. फरक एवढाच, की डॉक्टर फी घेतो आणि आपण वर चहा पाजतो.

मी मास्तर आहे तो शाळेतला नव्हे, पोस्टातला. छत्तीस वर्षं टपालखात्यात काढली आणि शेवटी आपल्या गावी, पुणतांब्याला येऊन टेकलो. पुणतांबा हे दौंड-मनमाड मार्गावरचं जंक्शन आहे. जंक्शन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही आलं असेल, ते कृपा करून पुसून टाका. 2009 साली इथून साईनगर शिर्डीचा फाटा निघाला म्हणून आम्ही जंक्शन. शिर्डीला जाणारा भाविक आमच्या स्टेशनात गाडी थांबली, की ‘आलं का?’ म्हणून बॅग काढतो आणि ‘नाही नाही, पुणतांबा आहे’ असं कुणीतरी म्हटलं, की परत वर टाकतो. एवढाच आमचा आणि जगाचा परिचय. बाकी गोदावरी आहे, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे आणि चांगदेव महाराजांची समाधी आहे. या चांगदेवांविषयी थोडं थांबून बोलावं लागेल, कारण त्यांचा आणि माझ्या खात्याचा संबंध आहे.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. चांगदेव योगसामर्थ्यानं चौदाशे वर्षं जगले, अशी आख्यायिका. त्यांना ज्ञानेश्वरांची कीर्ती समजली आणि पत्र लिहायला बसले. आता अडचण मायन्याची. वयानं पोरगा, तेव्हा ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानानं थोरला. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर आपली चौदाशे वर्षं आड येतात. शेवटी कागद कोराच पाठवला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, ती ‘चांगदेव पासष्टी’. भाविक माणूस या गोष्टीतून अद्वैत घेतो. मी पोस्टातला माणूस, मी एवढंच घेतलं, की आत काही नसतानाही पत्र बरोबर माणसाला पोचलं. आमच्या काळात आत सगळं असायचं आणि बाहेर पत्ता नसायचा. ‘रा. रा. भाऊसाहेब यांस, मारुतीच्या देवळामागे’. अहो, कुठला भाऊसाहेब? कुठला मारुती? 1972 साली पिनकोड आला तरी लोक तो सहा चौकोनांचा रकाना नक्षी समजून मोकळा सोडत. मग आम्ही शिक्का मारायचो, ‘पत्ता अपुरा’, आणि पत्र आल्या वाटेनं परत.

पुस्तकांचं तसंच आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. ओसरीवर एक लोखंडी कपाट ठेवलं. त्यात माझी जुनी पुस्तकं आणि पुण्यातला मुलगा दर दिवाळीला चकलीच्या बदल्यात जी नवी आणतो ती. न्या, वाचा, परत आणा. फी नाही, अनामत नाही. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला 2017 साली सरकारनं पुस्तकांचं गाव केलं, तेव्हा सौ. म्हणाल्या, ‘तिथं अख्ख्या गावानं पुस्तकं ठेवलीत. इथं एकाच घरानं, आणि तीही माझ्या धान्याच्या कोठीच्या जागी.’ ग्रंथालयशास्त्रातले थोर गृहस्थ रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रं सांगितली. त्यांतल्या एकाचा अर्थ असा, की प्रत्येक पुस्तकाचा कुठे ना कुठे एक वाचक असतो. असेल. पण तो कुठल्या मारुतीच्या मागे राहतो?

सुरुवात आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या शेठपासून झाली. मुलानं ‘सायकॉलॉजी ऑफ मनी’ आणलं होतं, मॉर्गन हाउसेल नावाच्या अमेरिकन लेखकाचं. 2020 सालचं पुस्तक, आता मराठीतही मिळतं. त्यात आरंभीच एका माणसाची गोष्ट आहे. पेट्रोल पंपावर काम आणि नंतर दुकानात झाडलोट करणारा हा रोनाल्ड रीड 2014 साली ब्याण्णवाव्या वर्षी वारला, तेव्हा त्याच्या नावावर ऐंशी लाख डॉलर निघाले. काटकसर केली, शेअर घेतले आणि ते विसरल्यासारखे ठेवून दिले, बस्स. मला वाटलं, शेठना हे आवडेल. आवडलं. चौथ्या दिवशी स्वतः परत घेऊन आले.

‘मास्तर, लई भारी बुक. त्यात असं हाये, का खरा पैसा तो, जो लोकांना दिसत नाही.’

‘वा! बरोबर पकडलंत.’

‘मग मी वही काढली. तुमच्या खात्यावर एक हजार आठशे चाळीस रुपये हायेत. तेबी मला दिसत नाहीत. पर ते काही खरे वाटंनात.’

दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी लागली, ‘उधारी बंद’. अख्ख्या गल्लीत ती पाटी उद्देशून म्हणावी असा उधारीवाला मी एकटाच.

मग एका तरुण शेतकऱ्याला ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ दिलं. जेम्स क्लिअर यांचं हे पुस्तक 2018 साली आलं आणि रेल्वेच्या डब्यात चार माणसं वाचत बसली असतील तर एकाच्या हातात हे असतं. त्यात हिशेब आहे, की रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षाअखेर माणूस सदतीस पट होतो. चक्रवाढ व्याजाचा हिशेब आहे तो; मी रिकरिंगची पासबुकं भरण्यात उमेदीची वर्षं घालवलीत, करून पाहिला, बरोबर निघाला. पोरगा कांदा लावतो. त्यानं पुस्तक वाचलं आणि मला शांतपणे म्हणाला, ‘मास्तर, उलटा हिशेबबी त्यातच दिलाय. रोज एक टक्का उतरलं, तर वरीसभरानं शंभराचे अडीच रुपये उरत्यात. ते आमाला शिकवायची गरज नाही. ते आमी मार्केट यार्डात पाह्यतो.’ यावर मी काय बोलणार? 1 जून 2017 पासून महाराष्ट्रातला शेतकरी संपावर गेला त्याची ठिणगी याच गावच्या ग्रामसभेत पडलेली. त्या गावात मी सवयी सुधारायचं पुस्तक वाटत होतो.

याहून मोठा गाढवपणा ‘इकिगाई’चा. जपानात ओकिनावा बेटावर ओगिमी म्हणून खेडं आहे, तिथली माणसं शंभरी गाठतात, त्यांचं रहस्य दोन स्पॅनिश लेखकांनी विचारून घेतलं. मी ते वेशीजवळच्या नव्वदीतल्या बाबांना दिलं. त्यांनी नातवाकडून दहा पानं वाचून घेतली आणि निरोप पाठवला, ‘पोस्टमास्तरला म्हणावं, चौदाशे वर्षं जगलेला माणूस ज्या गावात झोपलाय, तिथं शंभराचं काय कौतुक सांगतो?’

ही झाली बाहेरची फजिती. घरातली बाकी आहे.

आमचा संसार पु. लं.च्या विनोदावर पोसलेला. सौ. दळताना, निवडताना रेडिओवर त्यांना ऐकायच्या. तेव्हा एकदा त्यांना वाचायला काही हवं होतं, म्हणून मी सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ काढून दिलं. 1990 सालचं पुस्तक. मी स्वतः वाचलेलं नव्हतं, हे इथे कबूल करतो. पुस्तकं सुचवणाऱ्यांतले निम्मे याच वर्गातले असतात. मनात म्हटलं, पु. लं.च्याच घरातलं आहे, गमतीजमती असतील.

पहिल्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाजी नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सौ. पुस्तक मिटून म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही छत्तीस वर्षं गावोगाव लोकांची पत्रं पोचवलीत. मला एक तरी लिहिलंत का?’

मी खात्याची बाजू मांडली. म्हटलं, आपण एकाच घरात राहतो. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच असला तर...

‘बदली झाली तेव्हा चार वर्षं तुम्ही संगमनेरला होतात.’

‘मनीऑर्डर पाठवत होतो ना दर महिन्याला!’

‘हो. फॉर्मवर खाली मजकुराला जागा असायची. त्यात तुम्ही लिहायचात, रक्कम पाठवली आहे, पोच द्यावी.’

उतारा म्हणून मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दिली. जुनं पुस्तक, आपल्याच नगर-राहुरीकडचा संसार, म्हटलं मन निवेल. चार दिवसांनी सौ. हसत हसत बाहेर आल्या. मला हायसं वाटलं. ‘हे टिळक,’ त्या म्हणाल्या, ‘अगदी तुमच्यासारखे. फक्त ते कवी होते.’ त्यानंतर मात्र त्या मला न विचारताच कपाटातून पुस्तकं घेऊ लागल्या. एकदा दया पवारांचं ‘बलुतं’ घेतलं. 1978 सालचं, लेखक आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. ते संपल्यावर दोन दिवस गप्प होत्या, पण ते गप्प बसणं माझ्यावरचं नव्हतं. एवढंच म्हणाल्या, ‘एकाच जिल्ह्यात राहिलो आपण, आणि मला हे काहीच ठाऊक नव्हतं.’ मला ते होतं का ठाऊक? त्याच भागात मी टपालाची थैली फोडत होतो.

आता आक्का.

आक्का आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. त्यांचे मालक 2021 च्या मे महिन्यात गेले, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. स्वतःच्या पायांनी चालत गाडीत बसले, लांबच्या शहरात नेलं, अकराव्या दिवशी फोन आला. मधल्या दिवसांत काय झालं, शेवटी काय बोलले, पाणी मागितलं का, कुणी सांगितलं नाही. सांगायला कुणी तिथे नव्हतंच. मुलगा सुरतेला, सून तिकडेच. आक्का सातवी शिकलेल्या. दुपारी ओसरीवर येऊन बसायच्या आणि एकदा त्यांनी ते माझं भीतीचं वाक्य उच्चारलं.

मी शहाणपणा केला. संतचरित्र दिलं, मनाला आधार म्हणून. आठ दिवसांनी परत. ‘चांगलं हाये.’ नर्मदा परिक्रमेचं दिलं. ‘चांगलं हाये.’ विनोदी दिलं. ‘चांगलं हाये.’ प्रत्येक पुस्तकात सातव्या-आठव्या पानावर खुणेचा दोरा तसाच. पोस्टात परत आलेलं पत्र ओळखायला डोळे तयार झालेले असतात. न उघडलेलं मला लगेच कळतं.

खरं वाचन सुरू झालं ते चुकीनं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांसाठी मी सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टी, अशोक जैन यांनी मराठीत आणलेल्या, खाली काढून ठेवल्या होत्या. त्यांच्याच ढिगात अगाथा ख्रिस्तीबाईंचा एक अनुवाद मिसळलेला. आक्कांनी वरचं पुस्तक उचललं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात उभ्या. ‘मास्तर, हिचं आणखी एखादं हाये का?’

या जातीच्या रहस्यकथा मला कधी कळल्या नव्हत्या. आमची पिढी बाबुराव अर्णाळकरांवर वाढलेली. हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या त्या माणसानं; झुंजार आणि काळापहाड आमच्या उशाखाली असायचे. तिथे पिस्तुलं, भुयारं, मोटारींचा पाठलाग. आणि इथे? खून होतो, पण सतरंजीवर डाग पडत नाही. चहा वेळेवर येतो. मिस मार्पल म्हणून एक म्हातारी बाई लोकरीचं विणत बसलेली असते आणि विणता विणता खुनी ओळखते. कारण त्याचं वागणं तिला आपल्या खेड्यातल्या कुणासारखं तरी वाटतं. सूनबाईंनी मला इंग्रजीतलं एक नवं दिलंय, रिचर्ड ऑस्मन यांचं ‘द थर्सडे मर्डर क्लब’, 2020 चं. वृद्धांच्या वसाहतीतले चार पेन्शनर दर गुरुवारी जमून जुने खून सोडवतात. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतोय. माझी हरकत वाराला आहे. गुरुवारी शिर्डीच्या गर्दीपुढे आमच्याकडे कुणाला खून करायला सवड नसते, तर सोडवायला कुठून असणार?

पण आक्कांनी कपाटातल्या सगळ्या ख्रिस्तीबाई संपवल्या. मी शेवटी विचारलं, आक्का, एवढं काय आवडतं हो तुम्हाला या खुनाखुनीत?

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, ‘ह्यात शेवटाला समद्यांना एका खोलीत बसवत्यात, आन् सांगत्यात. काय झालं, कसं झालं, कंच्या वक्ताला झालं.’

मी कपाटाची चावी उगाचच पुसली.

पुढे पुस्तकं संपली, तेव्हा मी माळ्यावरची एक जुनी रहस्यकथा काढून दिली. कुणाची ते सांगता येत नाही, कारण मुखपृष्ठ गेलेलं. रात्री अकराला दार वाजलं. आक्का. ‘मास्तर, शेवट नाही.’ खरंच, मागची आठ पानं गायब. कुणी शेंगांना वापरली असतील. मी म्हटलं, उद्या बघू. त्या उंबऱ्यातून हलेनात. मी मुलाला फोन केला. त्यानं अप्पा बळवंत चौकापासून रस्त्यावरच्या रद्दीपर्यंत सगळं धुंडाळलं. ज्या पुस्तकाचं नाव नाही, लेखक नाही, ते कुठे मिळणार? पुन्हा पत्ता अपुरा.

मग मी ते केलं, जे टपालखात्याच्या कुठल्याही नियमात बसत नाही. आठ कोरी पानं कापली आणि शेवट स्वतः लिहिला. चार रात्री लागल्या. सौ. समोर बसून देखरेख करत होत्या. मी वकिलाला खुनी करणार होतो. त्या म्हणाल्या, ‘वकील नको, तो बिचारा शेतीचं बघतो. डॉक्टर करा.’ डॉक्टर केला. सगळ्यांना वाड्याच्या दिवाणखान्यात बसवलं आणि काय झालं, कसं झालं, किती वाजता झालं, सगळं सांगितलं. पानं डिंकानं चिकटवली आणि सवयीनं तारखेचा शिक्का शोधू लागलो.

दोन दिवसांनी आक्का पुस्तक घेऊन आल्या.

‘शेवट बरा केलाय, मास्तर. अक्षर तुमचं हाये ते पहिल्याच ओळीला वळखलं. पर खुनी चुकला.’

‘चुकला म्हणजे?’

‘बेचाळिसाव्या पानावर मुनिमाच्या वहाणा वल्ल्या हायेत. पाऊस तर चौदाव्या पानावरच थांबलाय. तो विहिरीवर गेला व्हता.’

मी पान काढून पाहिलं. वहाणा ओल्या होत्या. छत्तीस वर्षं मी इतरांच्या हस्ताक्षरातल्या चुका पकडल्या, आणि या मुनिमानं ओल्या पायांनी माझ्या नाकाखालून पळ काढला होता.

‘तुमी डॉक्टरला धरलं,’ आक्का म्हणाल्या. ‘मलाबी लई दिवस तसंच वाटायचं. पर त्याचा काय दोष, मास्तर. रात्रीचा तोबी तिथं एकलाच आसंल.’

आणि त्यांनी फुलपात्रातलं पाणी पिऊन टाकलं.

तेव्हापासून दर गुरुवारी आक्का आमच्या ओसरीवर बसतात आणि पुस्तकं त्या देतात. मी फक्त वहीत तारीख घालतो. त्यांची रीत वेगळी आहे. काय वाचायचंय, हे त्या विचारतच नाहीत. ‘झोप लागती का? पोराचा फोन येतो का? कांदा किती गेला?’ एवढं झालं, की कपाटाकडे बघतात आणि एक ओढतात. त्या कांदेवाल्या पोराला त्यांनी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ दिलं. भुईमुगाच्या शेंगेतून काय काय काढलं त्या माणसानं! पोरगा ते दोन महिने परत आणत नाही. शेठच्या आईला ‘स्मृतिचित्रे’. शेठनी माझी उधारी मात्र अजून सुरू केलेली नाही. तिथे आक्कांचंही चालत नाही.

मागच्या गुरुवारी गर्दी ओसरल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. ‘मास्तर, आता तुमचं. झोप लागती का?’

मी खरं ते सांगितलं. पोस्टातून एक अंतर्देशीय आणलंय. तीन रात्री घेऊन बसतोय. संगमनेरची चार वर्षं भरून काढायची आहेत. पण मायनाच सुचत नाही. ‘चि. सौ.’ लिहावं, तर या वयात हसतील; ‘सप्रेम नमस्कार’ लिहावं, तर जिल्हा परिषदेचं पत्र वाटतं; नुसतं नाव लिहावं, तर चव्वेचाळीस वर्षांत नावानं हाक मारलेली नाही.

आक्कांनी कपाट बंद केलं, चावी माझ्या हातात दिली.

‘एवढं काय त्यात! कोरंच टाका पेटीत. पत्ता तेवढा नीट लिव्हा.’

लिहिला. पिनकोडासकट.